असईची लढाई, भरुचचा कापूस आणि मुंबईतला स्कॉटिश सावकार: सर चार्ल्स फोर्ब्स कोण होते?

तुमच्या स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन असेल तर त्यावर 'युरेका फोर्ब्स' हे नाव तुम्ही शेकडो वेळा वाचलं असेल. यातलं फोर्ब्स म्हणजे नेमकं कोण? श्रीमंतांच्या याद्या छापणारं अमेरिकन मासिक? तर नाही. हे नाव त्या मासिकापेक्षा दीडशे वर्षांनी जुनं आहे आणि ते मुंबईतलं आहे.

या नावाचा धागा पकडून मागे गेलं की आपण पोहोचतो थेट १८०३ सालात, सिल्लोडच्या शेजारी, भोकरदनच्या पुढे असलेल्या असईच्या रणांगणावर. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेला एक व्यापारी, गुजरातचा कापूस, चीनचा चहा, मराठ्यांशी झालेलं युद्ध आणि लंडनची संसद, या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध होता, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात ओळख

- नाव: सर चार्ल्स फोर्ब्स, पहिले बॅरोनेट
- जन्म: १७७३-७४ च्या सुमारास, स्कॉटलंड
- मृत्यू: २० नोव्हेंबर १८४९, लंडन
- व्यवसाय: मुंबईच्या 'फोर्ब्स आणि कंपनी' या पेढीचे प्रमुख
- राजकारण: ब्रिटिश संसदेचे सदस्य, १८१२ ते १८१८ बेव्हर्ली आणि १८१८ ते १८३२ माम्सबरी
- आजची खूण: मुंबईच्या टाऊन हॉलमधला, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतला संगमरवरी पुतळा

सुरुवात काकांपासून

या कहाणीतला पहिला फोर्ब्स म्हणजे जॉन फोर्ब्स. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमधल्या स्ट्रॅथडॉन खोऱ्यातलं हे कुटुंब. घराणं जुनं, पण पैसा बेताचा. जॉन मुंबईत आले आणि १७६७ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी उघडली. हीच फोर्ब्स आणि कंपनी. भारतात आजही चालू असलेल्या सगळ्यात जुन्या कंपन्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. मुंबईच्या पैशावर जॉन यांनी गावाकडे जमिनी घेतल्या. तिकडचे लोक त्यांना 'बॉम्बे जॉक' म्हणायचे. आपल्याकडे दुबईहून पैसा कमावून आलेल्याला 'दुबईवाला' म्हणतात, अगदी तसंच.

चार्ल्स हे जॉन यांचे पुतणे. वडील पाद्री. ॲबर्डीनला शिक्षण झालं आणि लहान वयातच चार्ल्स काकांच्या पेढीवर मुंबईला आले. त्या काळी स्कॉटलंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत हा रिवाजच होता. थोरला मुलगा जमीन सांभाळणार, धाकट्यांनी किंवा पुतण्या-भाच्यांनी भारत गाठायचा. तिथे आधीच बसलेला नातेवाईक त्यांना कामाला लावायचा. सैन्य, डॉक्टरी, व्यापार, कंपनीची कारकुनी, सगळीकडे स्कॉटिश माणसं दिसायची ती यामुळेच.

चार्ल्स पुढे पेढीचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात ही पेढी भारतातल्या सगळ्यात मोठ्या व्यापारी आणि सावकारी पेढ्यांमध्ये गणली जाऊ लागली.

एजन्सी हाऊस म्हणजे काय भानगड?

तेव्हा इंग्लंड आणि भारत यांच्यातल्या व्यापाराची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. मग फोर्ब्ससारखे खासगी व्यापारी करत काय होते?

कंपनीने एक वाट मोकळी ठेवली होती. आशियातल्या आशियात, म्हणजे भारत ते चीन, भारत ते अरबस्तान असा व्यापार खासगी लोक करू शकत. हा व्यापार ज्यांच्या हातात होता त्या पेढ्यांना 'एजन्सी हाऊस' म्हणत. या पेढ्या एकाच वेळी अनेक धंदे करायच्या. माल खरेदी-विक्री, जहाजं, विमा, हुंड्या आणि सावकारी. कंपनीचे अधिकारी आपली कमाई याच पेढ्यांकडे ठेवायचे. म्हणजे बँकाही त्याच.

मुंबईतून चीनला जाणारा मुख्य माल होता कापूस, आणि तो यायचा गुजरातमधून. साखळी अशी होती:

१. भरुच, सुरत या भागातून कापूस गोळा होऊन जहाजांनी मुंबईला यायचा.

२. मुंबईत, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मोकळ्या मैदानात, कापसाचे ढीग लागायचे. तिथे गठ्ठे दाबून बांधले जायचे.

३. पावसाळी वारे धरून जहाजं चीनच्या कँटन बंदराकडे निघायची.

४. तिथे कापूस विकून आलेली चांदी व्यापारी कंपनीच्या तिथल्याच तिजोरीत भरायचे आणि बदल्यात लंडनवर किंवा भारतावर काढलेली हुंडी घ्यायचे.

५. कंपनी त्याच चांदीतून चहा घेऊन इंग्लंडला पाठवायची.

म्हणजे लंडनच्या कपातल्या चहाची किंमत काही प्रमाणात गुजरातचा शेतकरी कापसातून चुकती करत होता. पुढच्या काळात या साखळीत कापसाच्या जोडीला माळव्याची अफू आली आणि तिने कापसाला मागे टाकलं. त्या काळच्या मुंबईच्या श्रीमंतीतून अफू वेगळी काढता येत नाही.

हे सगळं एकटे स्कॉटिश लोक करत नव्हते. प्रत्येक मोठ्या पेढीच्या मागे पारशी दलाल आणि भागीदार असायचे. जहाजं, भांडवल, बाजारातल्या ओळखी त्यांच्याकडे असत. गावागावांतली खरेदी गुजराती वाण्यांच्या हातात होती.

तोट्यातली मुंबई आणि युद्धाचा खर्च

आज खरं वाटणार नाही, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाखा हा कंपनीसाठी तोट्याचा धंदा होता. उत्पन्न कमी, खर्च जास्त, आणि तूट भरून काढायला बंगालकडून पैसा. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस यांनी तर मुंबईचा पसारा आवरून तिला साधी वखार करून टाकावी, असं सुचवलं होतं.

मुंबई टिकली ती कापसामुळे. आणि सरकारला पैसा कमी पडला की ते एजन्सी हाऊसेसच्या दारात जायचं. फोर्ब्सची पेढी त्यातली एक आघाडीची पेढी. आता ज्याच्याकडून कर्ज घ्यायचं त्याचं ऐकावंही लागतं. या व्यापाऱ्यांना काय हवं होतं? कापूस पिकवणारा मुलूख आणि कापसाची बंदरं इंग्रजांच्या ताब्यात. कारण तिथे मराठ्यांची सत्ता असली की जकात, दर आणि खरेदी यावर त्यांचा हुकूम चालत नव्हता.

इतिहासकार पॅमेला नाइटिंगेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे. पश्चिम भारतात इंग्रजी राज्य वाढलं, त्यामागे फक्त गव्हर्नर जनरलची महत्त्वाकांक्षा नव्हती. मुंबईच्या खासगी व्यापाऱ्यांचा कापसातला स्वार्थही त्यामागे होता.

आता घटनाक्रम पाहा. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला देण्याचं कबूल केलं. त्यात गुजरातमधले भाग होते. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. २९ ऑगस्टला इंग्रजांनी शिंद्यांचं भरुच घेतलं.

सिल्लोडच्या अंगणातली लढाई

२३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं असई गाव. एका बाजूला शिंदे-भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, ज्यांना पुढे जग ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागलं.

वेलस्लींच्या फौजेत बहुसंख्य सैनिक मद्रासकडचे हिंदी शिपाई होते. गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि दोन्ही स्कॉटिश हायलँडर्सच्या. शिंद्यांच्या तोफांनी ७४ व्या पलटणीची अक्षरशः चाळण केली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांची दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींसाठी अजिंठ्यात रुग्णालय उभारण्यात आलं. हेच आज सिल्लोड तालुक्यात असलेलं अजिंठा गाव.

चार्ल्स फोर्ब्स या लढाईत नव्हते. ते मुंबईत पेढीवर होते. पण ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांशी झालेला सुर्जी-अंजनगावचा तह वाचला, की पेढी आणि रणांगण यांच्यातला दुवा दिसतो. या एकाच तहात दोन गोष्टी घडल्या:

- अजिंठ्याचा डोंगर आणि गोदावरी यांच्या मधला शिंद्यांचा मुलूख, जालना आणि गंगापूरसह, त्यांच्या हातून गेला. हा पट्टा पुढे निजामाच्या राज्यात राहिला, तो १९४८ पर्यंत.
- कापसाचं बंदर भरुच कायमचं कंपनीकडे आलं.

म्हणजे सिल्लोड-जालना भागाचा पुढच्या जवळपास दीडशे वर्षांचा कारभार ज्या कागदाने ठरवला, त्याच कागदाने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना हवं ते मिळवून दिलं. हे युद्ध फक्त कापसासाठी झालं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण त्याचा फायदा कुणाच्या खातेवहीत जमा झाला, ते तहात दिसतं.

मुंबई ते लंडनची संसद

दोन दशकं मुंबईत काढून चार्ल्स फोर्ब्स ब्रिटनला परतले आणि १८१२ मध्ये बेव्हर्लीतून संसदेवर निवडून आले. १८१८ पासून १८३२ पर्यंत ते माम्सबरीचे खासदार होते. या माम्सबरीत मतदार किती होते माहीत आहे? फक्त १३. अशा मतदारसंघांतून भारतातून श्रीमंत होऊन आलेली अनेक माणसं संसदेत पोहोचायची. ब्रिटनमधले लोक त्यांना 'नबॉब' म्हणून नावंही ठेवायचे.

ते संसदेत गेले तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न होता कंपनीच्या मक्तेदारीचा. १८१३ च्या सनदी कायद्याने भारताशी व्यापार सगळ्या ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुला झाला. चहा आणि चीनचा व्यापार तेवढा कंपनीकडे राहिला, तोही १८३३ मध्ये गेला.

फोर्ब्स टोरी पक्षाचे, म्हणजे जुन्या विचारांच्या गटातले. तरीही काही बाबतींत ते पक्षापेक्षा वेगळे वागले. कॅथलिकांवरची बंधनं काढायला त्यांनी लवकर पाठिंबा दिला. १८३१ मध्ये, म्हणजे स्त्रियांना मताधिकार मिळण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी संसदेत स्त्रियांच्या मताचा मुद्दा काढला होता. १८२१ मध्ये काका वारले आणि स्ट्रॅथडॉनची जहागीर त्यांच्याकडे आली. १८२३ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू

मराठी वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे येतो.

खासदारकी संपल्यावरही फोर्ब्स गप्प बसले नाहीत. कंपनीच्या भागधारकांची एक सभा असायची, तिला 'कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स' म्हणत. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीची सर्वसाधारण सभा. फरक एवढाच की या सभेत नफ्यासोबत भारताच्या कारभारावरही चर्चा व्हायची. फोर्ब्स तिथे भारतीयांच्या तक्रारी मांडत.

सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कटाचा आरोप ठेवून गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे १८५३ पर्यंत लढत राहिले. महाराजांचं म्हणणं ऐकून न घेता शिक्षा झाली, हा अन्याय आहे, असं म्हणणारे काही इंग्रज भागधारक उभे राहिले. सर चार्ल्स फोर्ब्स त्यांच्यापैकी एक होते.

उपयोग झाला नाही. प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. पण या विरोधाभासाकडे बघा. तरुणपणी ज्या पेढीने मराठ्यांशी लढणाऱ्या मुंबई सरकारच्या काळात भरभराट पाहिली, त्याच पेढीचा म्हातारा मालक लंडनमध्ये मराठ्यांच्या छत्रपतींसाठी कंपनीशी भांडत होता.

पुतळा कुणी उभारला?

मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्यांवर फोटो काढला नाही असा माणूस विरळा. त्या इमारतीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे आहेत, नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभाईंचेही आहेत. तिथेच चार्ल्स फोर्ब्स उभे आहेत. शिल्पकार फ्रान्सिस चॅन्ट्री, त्या काळातलं ब्रिटनमधलं मोठं नाव.

या पुतळ्याचं वैशिष्ट्य ब्रिटिश चरित्रकोशात नोंदवलं आहे. सरकारी किंवा लष्करी नोकरीत नसलेल्या माणसाचा पुतळा भारतीयांनी वर्गणी काढून उभारण्याची ही पहिलीच वेळ होती. आयुष्याच्या अखेरीस भारतातल्या एका भागाला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून त्यांनी मोठी रक्कम दिल्याचंही त्यात म्हटलं आहे. त्यांच्या पेढीचं नाव पुढे पाण्याच्या मशीनवर यावं, हा निव्वळ योगायोग.

वर्गणी देणारे भारतीय म्हणजे मुख्यतः मुंबईचे धनिक, त्यांच्यासोबत धंदा केलेले लोक. भरुचच्या कापूस शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. पुतळा बघताना हेही लक्षात ठेवायला हवं.

स्कॉटलंडमध्ये काय उरलं?

१८२३ मध्ये फोर्ब्स यांनी स्ट्रॅथडॉनमध्ये 'लोनाक हायलँड अँड फ्रेंडली सोसायटी' स्थापन केली. गरजूंना मदत आणि हायलँडची वेशभूषा, भाषा टिकवणं हा हेतू. ही संस्था आजही आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे मोठा मेळावा भरतो आणि पारंपरिक पोशाखातली माणसं भाले घेऊन संचलन करतात. जगभरातून पर्यटक तो बघायला येतात. त्यामागचा मूळ पैसा मुंबईतून गेला होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. चार्ल्स यांनी तिथे 'कॅसल न्यू' नावाचा वाडाही बांधला. तो १९२७ मध्ये पाडण्यात आला.

कंपनीचं पुढे काय झालं?

फोर्ब्स कुटुंब बाजूला झालं, पण पेढी टिकली. मालक बदलत गेले. विसाव्या शतकात ती टाटा समूहाकडे होती, नंतर शापूरजी पालनजी समूहाकडे आली. १९८२ मध्ये तिने स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्ससोबत भागीदारी करून युरेका फोर्ब्स सुरू केली. घरोघरी जाऊन व्हॅक्युम क्लीनर आणि ॲक्वागार्ड विकणारे टाय लावलेले तरुण अनेकांना आठवत असतील. २०२२ मध्ये युरेका फोर्ब्स मूळ कंपनीपासून वेगळी होऊन ॲडव्हेंट या परदेशी गुंतवणूक संस्थेकडे गेली.

कोणता फोर्ब्स कोण? घोळ टाळा

- फोर्ब्स मासिक: १९१७ मध्ये अमेरिकेत बी. सी. फोर्ब्स यांनी काढलं. तेही ॲबर्डीनशायरचेच, पण मुंबईच्या पेढीशी मासिकाचा संबंध नाही.
- जेम्स फोर्ब्स: अठराव्या शतकात कंपनीच्या नोकरीत मुंबई आणि भरुचला होते. चित्रकार आणि प्रवासवर्णनकार. वेगळे गृहस्थ.
- अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स: गुजरातचा इतिहास 'रासमाळा' लिहिणारे अधिकारी. मुंबईची फोर्ब्स गुजराती सभा यांच्या नावाने आहे.

मग चार्ल्स फोर्ब्स चांगले की वाईट?

सोशल मीडियावर इतिहासातल्या माणसाला एक तर देव करतात नाही तर खलनायक. फोर्ब्स या दोन्ही चौकटींत बसत नाहीत. ते दानशूर होते, सचोटीसाठी प्रसिद्ध होते आणि भारतीयांसाठी ताकदवान लोकांशी भांडले. त्याच वेळी त्यांची संपत्ती अशा व्यवस्थेतून आली होती, जिच्यात व्यापाऱ्याचं कर्ज, सरकारची फौज आणि शेतकऱ्याचा कापूस एकाच दोरीत गुंफलेले होते. त्या दोरीचं एक टोक मुंबईच्या पेढीत होतं आणि दुसरं असईच्या मैदानात.

सिल्लोड परिसरात आजही कापूस पिकतो. वेचणी झाली की गाडी भरून बाजारात जाते आणि भाव ठरतो तो दूर कुठेतरी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कँटनच्या बाजारावर भरुचच्या शेतकऱ्याचा भाव ठरायचा, तसाच. पुढच्या वेळी असईच्या बाजूने गेलात, किंवा एशियाटिकच्या पायऱ्या चढलात, तर ही दोन्ही ठिकाणं एकाच गोष्टीतली आहेत, हे सोबतच्या माणसाला नक्की सांगा.